कॅरीवाल्या मॅडम

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागातल्या मोठ्या दुकानात सामान घेतलं की गल्ल्यावरची मुलगी मान वर न करता विचारते, "मैम, कैरी बैग चाहिए?" मी घरची पिशवी पुढे करते आणि दर वेळी मला शालिनीताई कदम आठवतात. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "बैग क्या कैरी करेगी बेटा, कैरी तो मैं करूँगी." मागे रांग वाढत गेली असती, आणि ताईंनी त्या मुलीचा खुशाल तास घेतला असता.

शालिनीताई आता नाहीत. मागच्या थंडीत पुण्याला, भावाच्या घरी वारल्या. गावाच्या जुन्या लश्कर भागातल्या एका सरकारी शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या आणि मी गणित. वयाने त्या मोठ्या, म्हणून मी अहो-जाहो करायची. त्या मला "कुंदा, तू गप बस" म्हणायच्या, आणि मी शाळेत फक्त त्यांच्यापुढेच गप बसायची.

अंगाने किरकोळ, पण पाठ ताठ. खांद्याला कायम एक हिरवी कॅनव्हासची पिशवी. त्यात जेवणाचा डबा, छत्री, खडूंची पेटी, सुईदोरा, लिंबू, स्क्रू पिळायचा पेचकस आणि कुणा ना कुणा पोराचं हरवलेलं काहीतरी. सायकलला मागे चांगलं स्प्रिंगचं कॅरियर होतं, पण पिशवी त्यावर ठेवायच्या नाहीत. म्हणायच्या, "सायकलवर मी बसलेय तेवढं पुरे, वर पिशवीचं वजन तिला कशाला?" गणिताच्या बाईने या वाक्याचं काय करायचं, सांगा. मी एकदा समजावायला गेले की पिशवी खांद्यावर असली तरी वजन सायकलवरच पडतं. त्या म्हणाल्या, "ते तुझ्या पुस्तकात."

शाळेचा चपराशी फाटकाशी रोज हात पुढे करायचा, "दीजिए मैडम." आणि रोज तेच उत्तर यायचं, "मेरा सामान है भैया, मेरे पास ठीक है." हे मी नोकरीभर ऐकलं. त्या माणसानेही कंटाळून विचारणं सोडलं नाही.

पिशवीचा विषय निघाला की त्या पणजोबांवर यायच्या. कदमांचे पूर्वज फौजेतले. "आमच्या पणजोबांनी तोफेचं सामान दख्खनहून इथवर वाहून आणलंय. आम्हाला ओझ्याची सवय आहे. तुमच्याकडच्यांनी काय आणलं गं येताना?" आमचं घराणं दरबारातल्या कारकुनांचं. मी काही बोलायच्या आधीच त्या स्वतः सांगायच्या, "दौत. आणि ती पण सांडली असेल वाटेत." स्टाफरूम हसायची. मीही हसायची, दुसरं काय करणार.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या जुलै महिन्याबद्दल. आठवीचा नवा वर्ग आला की पहिले पंधरा-वीस दिवस त्या पुस्तक उघडायच्याच नाहीत. एकच शब्द घ्यायच्या, 'कॅरी'. पहिल्या दिवशी पाण्याने भरलेली बालटी घेऊन वर्गात शिरायच्या आणि बाकांमधून फिरायच्या. पोरं पाय आखडून घ्यायची. "मैं क्या कर रही हूँ?" कुणी म्हणायचं पाणी आणताय, कुणी म्हणायचं फरशी धुताय. मग त्या फळ्यावर तो शब्द लिहायच्या आणि आपला कायदा सांगायच्या. कायदा असा, की या शब्दाचे अर्थ खूप आहेत, पण शब्दकोशातून आणलेला एकही चालणार नाही. जो अर्थ तुम्ही स्वतः करून दाखवाल तो फळ्यावर चढेल, आणि त्याच्यापुढे तुमचं नाव. मुलांनी तिथेच त्यांचं नाव 'कैरी वाली मैडम' पाडलं. बाहेरच्या माणसाला वाटायचं, बाई लोणच्याच्या कैऱ्या विकतात.

फळ्याची उजवी बाजू या कामाला लागायची आणि दिवाळीपर्यंत पुसायची मनाई. उरलेल्या जागेत मला भूमिती शिकवायला लागायची. माझे त्रिकोण त्या वर्गात कायम बारीक निघायचे. मी कुरकुर केली की त्या म्हणायच्या, "अगं, तू पण लिही ना. तुझा हातचा म्हणजे कॅरीच आहे." मग मी एकदा खरंच बेरीज मांडून हातचा घेतला आणि त्यांनी माझं नाव लिहायला लावलं. कुंदा मॅडम, पोरांच्या रांगेत, सहामाहीपर्यंत.

एका वर्षी 'आवाज लांब पोचतो' हा अर्थ कुणीतरी काढला. झालं. एकेक पोर मैदानाच्या टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या पोराला हाक मारणार, आणि खिडकीपाशी माझा नववीचा वर्ग समीकरणं सोडवणार. ज्या मुलीचा आवाज वर्गात पहिल्या बाकापर्यंत यायचा नाही, ती त्या दिवशी अशी ओरडली की मुख्याध्यापक बाहेर आले. आणखी एकदा एका मुलाने कुणाची तरी चुगली त्यांच्याकडे नेली. चहाड्या नेण्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. ताई त्याला ओरडल्या नाहीत. खडू दिला. "केलंस ना? मग लिही. नाव पण लिही." त्याने लिहिलं. दिवाळीपर्यंत ते नाव तिथे होतं आणि तोवर त्या वर्गात कुणी कुणाची चुगली केली नाही.

नवीन आलेल्या एका तरुण शिक्षिकेने ताईंना म्हटलं, "आप साड़ी कितनी अच्छी कैरी करती हैं." ताई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "साडी नेसायची असते. उचलायची ती धुतल्यावर, ओली असताना." पण पुढच्या जुलैत एका मुलीने आईची साडी नेसून, न अडखळता, वर्गभर फेरी मारून दाखवली, तेव्हा त्यांनी तोही अर्थ मुकाट चढू दिला. कायदा म्हणजे कायदा.

याच कायद्यामुळे एकदा मोठी पंचाईत झाली. सरोज नावाची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मैडम, मेरी मम्मी कैरीइंग हैं. चाची सबको यही बोलती है." वर्ग खी-खी करायला लागला. कुणीही असती तर पोरीला खाली बसवलं असतं. ताई म्हणाल्या, "सही अर्थ है. पर यह हममें से किसी ने नहीं किया. मैंने भी नहीं. यह तेरी मम्मी का अर्थ है, उनको बुला." आणि दोन दिवसांनी ती बाई खरंच आली. दिवस भरत आलेले, डोक्यावरून पदर, एक हात कमरेवर. ताईंनी तिला खुर्ची दिली, वर्गाला उभं केलं आणि तिच्या हातात खडू ठेवला. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने हिंदीत आपलं नाव लिहिलं, सावकाश, 'श्रीमती' सकट. सरोजचा चेहरा मी दारातून पाहिला. शाळेतल्या कुठल्याही बक्षीस समारंभात मला तसा चेहरा पुन्हा दिसला नाही. मुख्याध्यापकांनी नंतर ताईंना बोलावून बरंच सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पिशवी उचलून तासाला गेल्या.

आणि महेश. त्याला लहानपणी पोलिओ झाला होता, एका पायाला लोखंडी कॅलिपर. प्रार्थनेला दारापाशी उभा राहायचा, मधल्या सुट्टीत वर्गातच बसायचा. त्याच्या वर्गातल्या मुलांना माणूस उचलून दाखवायचा होता. ताईंनी त्यांना थांबवलं, महेशला व्हरांड्यात एकटं बोलावलं आणि विचारलं, "चलेगा?" तो हो म्हणाला. मग चार पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला पूर्ण चक्कर मारली. त्याचं नाव फळ्यावर त्या चौघांच्याही वर लिहिलं गेलं. ताई त्या दिवशी खूश होत्या, पण घरी जाताना मला म्हणाल्या, "बरोबर केलं ना गं मी?" मी म्हटलं, तो हो म्हणाला ना. त्या म्हणाल्या, "मास्तरणीला नाही कोण म्हणतं?"

ताईंचं स्वतःचं सगळं आयुष्य वाहण्यातच गेलं. वडील लवकर गेले, भावांची शिक्षणं यांनी केली, लग्न राहून गेलं की केलं नाही ते मी कधी विचारलं नाही. भाऊ बाहेर गेले आणि आई यांच्याकडे राहिली, दाना ओली नावाच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. शेवटच्या वर्षी आईचे पाय गेले. आमच्या ग्वाल्हेरच्या थंडीत ऊन नसेल तर म्हाताऱ्या माणसाचं कठीण, म्हणून ताई रोज सकाळी आईला पाठीवर घेऊन गच्चीवर न्यायच्या आणि मग शाळेत यायच्या.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. "आई काही बोलायची नाही बघ. मला वाटायचं, खूश आहे, ऊन मिळून राहिलंय. एक दिवस जिन्यात माझ्या मानेला ओलं लागलं. ती रडत होती. म्हणाली, मी जड झाले गं तुला. कुंदा, ती चिमणीएवढी उरली होती. पण त्या दिवशी मला माहीत पडलं की उचलणाऱ्याचं काही नसतं. जो वर बसतो ना, त्याचं ओझं जास्त." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझ्यावर ती पाळी नको."

पाळी आली. रिटायर झाल्यावर काही वर्षांत गुडघे गेले. तो जिना अरुंद, उभा, मध्ये वळणावर काळोख. एक दिवस भाजी घेऊन वर गेल्या त्या पुन्हा खाली उतरल्याच नाहीत. बाल्कनीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायच्या, तीच हिरवी. भाजीवाला भरायचा आणि त्या स्वतः ओढून घ्यायच्या. मी तिथे असले तरी मला दोरीला हात लावू द्यायच्या नाहीत. माझ्या सिटी सेंटरच्या इमारतीला लिफ्ट आहे, राहायला या म्हटलं तर म्हणाल्या, "तुझ्या लिफ्टपर्यंत यायला पण हा जिनाच उतरायचाय."

त्यात डोळे. दोन्हीकडे मोतीबिंदू, आणि एक इतका पिकला की घरी येऊन तपासून गेलेल्या डॉक्टरांनी फोनवर मला बजावलं, आता उशीर केलात तर दृष्टी जाईल. ताईंचं जग आता वाचण्यापुरतंच उरलं होतं आणि तेही पुसट होत चाललेलं. वर्तमानपत्राचे मथळे मला वाचायला लावायच्या आणि मी चुकीचा भर दिला की सुधारायच्या. खुर्चीवर बसवून खाली न्यायचं, एवढंच करायचं होतं. भावाने पुण्याहून सांगितलं, मी सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं. "नाही. मला कुणी उचलायचं नाही, बस." मी रागावले. म्हटलं, डोळे जातील. म्हणाल्या, "जाऊ देत. बघून झालंय माझं." आवाज मात्र तसा नव्हता. मी त्या दिवशी घरी येऊन रडले, हे सांगायला मला संकोच नाही.

मग एका बँकेत मला महेश भेटला. आता तिथेच अधिकारी आहे, कानशिलं पांढरी झालेली, पायात कॅलिपर तसंच. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "इतवार को चलते हैं."

रविवारी महेश तो जिना चढला. कठड्याला धरून, एक पाय वर, मग लोखंडाचा पाय ओढून त्याच पायरीवर. मी मागे होते आणि माझा जीव मुठीत होता. मदतीला हात पुढे करायची मात्र माझी छाती झाली नाही, कारण मला ते उत्तर पाठ होतं. ताईंनी आवाजावरूनच ओळखलं. "महेश आला का रे? कैलिपर को तेल दे."

पाणी पिऊन झाल्यावर महेश म्हणाला, "मैडम, उस दिन आपने पूछा था कि चलेगा क्या. बाद में किसी ने नहीं पूछा कि कैसा लगा."

ताईंची बोटं पदराशी चाळा करत होती. मग म्हणाल्या, "अब बता. कैसा लगा?"

"बुरा लगा. नीम के पेड़ तक बहुत बुरा लगा. लग रहा था, सब मेरा पैर देख रहे हैं."

"मला वाटलंच होतं," ताई माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाल्या.

"पर पेड़ के आगे निकले तो पीछे वाली दीवार आई. उसके उधर छोटी गाड़ी की पटरी थी. सीटी तो मैं रोज़ क्लास में बैठे-बैठे सुनता था. कंधे पर था, इसलिए दीवार के पार दिखा. गाड़ी जा रही थी, मैडम. छत पर लोग बैठे थे, एक ने मुझे हाथ हिलाया." तो थांबला. "फिर मैं पैर भूल गया. मैंने लड़कों से कहा, रुको मत, पूरा चक्कर लगाओ."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होऊन निघून गेली. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता गप्प बसले.

शेवटी त्या म्हणाल्या, "दोरीने बांधायचं नाही मला."

"नहीं मैडम."

"और मेरी थैली मेरे पास रहेगी."

"जी मैडम."

ऑपरेशन चांगलं झालं. ते झाल्यावर भाऊ त्यांना परस्पर पुण्याला घेऊन गेला, आणि फोनवर त्या मला तिकडचे मथळे वाचून दाखवायच्या, भर बरोबर जागी देऊन. पण मी त्यांना प्रत्यक्ष नीट पाहिलं ते त्याआधी, दाना ओलीतून उतरल्या त्या सकाळी. दवाखान्यात नुसती धावपळ होती. माझ्यापुरतं शेवटचं दर्शन त्या सकाळचं.

महेशने माणसं आणली ती तीच, मैदानात त्याला खांद्यावर घेणारी. आता एकाचं मिठाईचं दुकान, एक पोलिसात, दोघांची पोटं सुटलेली. लाकडी खुर्ची ताईंच्याच घरातली. ताई बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. खुर्ची उचलली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि ओठ असे आवळले की मला वाटलं, आता थांबा म्हणतील. महेश खालच्या पायऱ्यांवरून, आपला पाय सांभाळत, सांगत होता, "बायें. थोड़ा और बायें. दीवार है." वळणावरच्या काळोखात मिठाईवाल्याला धाप लागली. तो म्हणाला, "मैडम, थैली तो हमें दे दो." ताई डोळे न उघडता म्हणाल्या, "तू मुझे उठा, मैं इसको उठाती हूँ." चौघेही हसायला लागले, खुर्ची डुगडुगली आणि महेश खालून सगळ्यांवर ओरडला.

दारातून बाहेर आलो तर गल्लीत ऊन होतं. ताईंनी डोळे उघडले. त्यांना काय दिसत होतं देव जाणे, पांढरं आणि पुसटच असणार. दारादारांत बायका आल्या होत्या. भाजीवाल्याने हातगाडी बाजूला घेतली आणि हात जोडले. "अम्मा, उतर आईं आप तो." इतके महिने त्याने फक्त त्यांची पिशवी पाहिली होती.

गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी होती. पोलिसातल्याने दार उघडायला एक हात काढला, खुर्ची टेकवायला सगळे वाकले. ताई म्हणाल्या, "रुको मत."

"मैडम, गाड़ी आ गई."

"मुझे पता है. डॉक्टर कहीं भागा नहीं जाता." पाठ ताठ, मान वर, पिशवी मांडीवर. "सराफ़े से घूमके चलो. पूरा चक्कर."

महेश माझ्याकडे बघून हसला, पण त्याचे डोळे भरले होते. चौघांनी खुर्ची पुन्हा खांद्याच्या उंचीला घेतली आणि मंडळी सराफ्याकडे वळली. दुकानं नुकती उघडत होती. सराफ पायऱ्यांवर येऊन बघायला लागले, ही कुणाची मिरवणूक म्हणून. ताई उजवीकडे बघायच्या, मग डावीकडे, आणि मधूनच विचारायच्या, "ते निळं काय आहे रे?" कुणीतरी सांगायचं.

मी मागून चालत होते. घाईत ताईंच्या पायात चपला घालायच्या राहून गेल्या होत्या, त्या माझ्या हातात होत्या. कुणीतरी मागून आलं आणि म्हणालं, "दीजिए मैडम, मैं पकड़ लूँ." मी दिल्या नाहीत.